पश्चात्ताप झाला, आता वही उघडा

ताई, सलाम.

मी नगर-बीडच्या हद्दीवरच्या गावातला, ऊसतोडीचा मुकादम, म्हणजे मजूर जमवून कारखान्याच्या तोडीला नेणारा. वीस वर्षं झाली. टोळीत बारा कोयते, म्हणजे बारा जोडपी आहेत. आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. पणजोबा गावकीच्या वेठीला जायचे, मिशनच्या शाळेत चार बुकं शिकले म्हणून सुटले, असं घरात सांगतात. मी मात्र नावाचाच ख्रिस्ती होतो. तीन वर्षांमागं दारूनं लिव्हर खराब झालं, दवाखान्यात पडलो. बायकोच्या संगतीतली माणसं रोज येऊन प्रार्थना करायची. वाचलो. दारू सुटली, शिव्या सुटल्या, बायकोवर उठणारा हात खाली आला. आता पहाटे उठून शास्त्र, म्हणजे बायबल वाचतो. लोक म्हणतात, माणूस बदलला.

पण यंदा फडात एका म्हाताऱ्या तोडकऱ्यानं तोंडावर ऐकवलं, ‘मुकादमानं बाटली सोडली, वही तीच हाय.’ तेव्हापासून झोप नाही.

खरं सांगतो. कारखान्याच्या काट्याची पावती माझ्याकडं येते, वहीत मी खेपेमागं अर्धा टन कमी लिहितो. उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, फिटली नाही तर बाकीवर महिन्याला शेकडा तीन व्याज लावतो. खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीचे, दिवसाला पाचशे कापतो. मागच्या हंगामात एक बाई कोपीत, फडावरच्या झोपडीत, बाळंत झाली, तिचे चौदा दिवस खाडा धरला. एक जोडपं अर्ध्यातनं निघून गेलं, त्याची मोटारसायकल उचलून आणली, ती अजून माझ्या दारात आहे. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला, मात्र चुकवत नाही. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आवाराची भिंत माझ्या पैशातनं झाली.

पाळकसाहेब म्हणतात, जुनं सगळं धुतलं गेलं, उकरू नका. बायको म्हणते, परत द्यायला लागलात तर घर बसेल आणि बाकीचे मुकादम जगू देणार नाहीत. आषाढ आलाय, उचल वाटायची वेळ झाली. धंदा सोडून द्यावा का?

– एक मुकादम

भाऊ, सलाम.

मोटारसायकल उद्या परत करा. बाकीचं सगळं माणसांशी बोलून, वेळ घेऊन करायचं आहे. हे तसं नाही. टाकी भरा, गावातला एखादा जाणता माणूस सोबत घ्या, त्याच्या दारात नेऊन लावा आणि माफी मागा. बाकीच्या पैशाचा विषय त्या दिवशी काढू नका. तो काढलात तर त्याला वाटेल, गाडी हे गळाला लावलेलं आमिष आहे.

आता पाळकसाहेबांचं म्हणणं. क्षमा फुकट मिळते, ती आपण कमवत नाही, हे ते बरोबर सांगतात. पण त्या बाळंतिणीचे चौदा दिवसांचे सात हजार तुमच्याकडंच आहेत. देवानं तुमचं पाप विसरलं असेल, पण तिच्या नवऱ्याच्या नावावरची बाकी तुमच्या वहीत जशीच्या तशी आहे, आणि त्या बाकीपायी यंदाही ती दोघं तान्ह्या लेकराला घेऊन तुमच्याच गाडीत चढणार आहेत. यात धुतलं गेलं ते काय?

लूकच्या 19 व्या अध्यायातला जक्कय तुम्ही पहाटे वाचलाच असेल. शब्बाथशाळेत आपण मुलांना त्याचं झाडावर चढणंच जास्त शिकवतो, कारण ते अभिनयाला सोपं पडतं. तो होता कोण? यरीहोचा मुख्य जकातदार. वरच्यांना ठरलेली रक्कम पोचती करायची, ती खालून वसूल करायची, वसुलीला माणसं नेमायची आणि मधलं आपलं. वरून उचल घेऊन खाली वाटणाऱ्याला हे उलगडून सांगायला नको. येशू त्याच्या घरी उतरायला गेला, तो बिनशर्त. आधी पैसे फेड मग येतो, असं काही म्हणाला नाही. पण त्या घराला तारण झालं, हे शब्द येतात ते जक्कय उभा राहून पैशाचं बोलल्यावर: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. उकरू नको, असं येशूनं त्याला सांगितल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

चौपटीच्या आकड्यानं घाबरू नका. गणनाच्या 5 व्या अध्यायात साधा नियम आहे. ज्याचं नुकसान केलं त्याला मूळ रक्कम द्यायची आणि वर तिचा पाचवा हिस्सा. तो माणूस नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला. नातलगही नसेल, तरच ते पैसे याजकाकडं जातात. रांगेत देवाच्या घराचा नंबर शेवटचा आहे. तुम्ही सुरुवात भिंतीपासून केलीत.

म्हणून वही उघडू. काही आकडे तुमचेच आहेत, काही मी अंदाजानं धरते आणि नुसती बेरीज-वजाबाकी करते.

उचल लाखाची धरू, तोडणीचा दर टनाला 366 रुपये. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दोन टन तोडून-भरून देतो असं समजा. मिळाले 732 रुपये, दोघांचे, पहाटेपासून अंधार पडेपर्यंतचे. लाख फिटायला 273 टन तोडायला हवेत, म्हणजे 137 दिवस. कारखाना शंभर दिवसांत बंद झाला तर 200 टन झाले, 73,200 फिटले, 26,800 बाकी. त्यावर तुमचं शेकडा तीन. पट्टा पडल्यापासून, म्हणजे कारखाना बंद झाल्यापासून, पुढच्या हंगामापर्यंत सात महिने धरले तर व्याजच 5,628. शिवाय खाणं-पिणं, आठवड्याचा बाजार, लेकराचं औषध हे सगळं याच उचलीतून. आळस नाही, व्यसन नाही, एक दिवस खाडा नाही, तरी माणूस कर्जातच घरी येतो. त्याचं उचलीचं गणितच असं बांधलंय की ऊस कितीही तोडला तरी नाव वहीतून निघू नये. तुमच्याकडं हिशेबाची अक्कल आहे, हे तुम्हाला कधीच कळलं असणार.

आता अर्धा टन. हंगामात दीडशे खेपा धरल्या तर 75 टन होतात, याच दरानं 27,450 रुपये. बारा कोयत्यांत वाटले तर प्रत्येकी 2,287. वर पाचवा हिस्सा घातला तर साधारण 2,745. एका हंगामाचे. वीस वर्षांच्या पावत्या तुमच्याकडं नसतील, आणि दरही तेव्हा कमी होता. पण जिथपर्यंत वह्या आहेत तिथपर्यंत मागं जा. ज्याची नोंद नाही त्याच्याबद्दल त्या-त्या माणसाला विचारा. त्यांना आठवत असतं. आपल्याला कुणी किती बुडवलं हे गरीब माणूस विसरत नाही, फक्त बोलत नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची. 2024 च्या जानेवारीत साखर कारखान्यांचा संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांचा करार झाला, मजुरीत 34 टक्के वाढ मिळाली आणि मुकादमाचं कमिशन मजुरीच्या 20 टक्के झालं. हे कमिशन कारखाना वेगळं देतो. तुमच्या बारा कोयत्यांनी 2,400 टन तोडला तर तुमचे हक्काचे 1,75,680 रुपये होतात. अर्धा टन मारायची गरज पोटासाठी नव्हती. मग कशासाठी होती, हा प्रश्न पहाटेच्या प्रार्थनेत घ्या. त्याचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही.

मुकादम म्हणजे फक्त खलनायक, असं लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांनी तुमची बाजू पाहिलेली नसते. दोन-दोन मुकादमांची उचल घेऊन तिसऱ्याच राज्यात जाणारे कोयते असतात. वाहतूकदाराचा तगादा असतो. कारखान्याशी करार तुमचा किंवा ट्रॅक्टरवाल्याचा, त्यामुळं तोडणारा पळाला की जमीन तुमची अडकते. तोडणाऱ्याचं नाव तर कुठल्याच कागदावर नसतं. अशा साखळीत मधल्या माणसाला वरून जेवढा दाब येतो तेवढा तो खाली सोडतो. हे मला कळतं. पण बाळंतीण बाईवर सोडलेला दाब कुठल्याही साखळीच्या खात्यावर टाकता येत नाही, तो तुमचाच.

खाड्याबद्दल थोडं जास्त बोलते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, सरकारनं समिती नेमली. कोवळ्या वयाच्या बायका पिशवी का काढून घेतात, याची कारणं अनेक निघाली. खासगी दवाखान्यांनी दाखवलेली कॅन्सरची भीती होतीच. पण पाळीत काम थांबलं की खाडा, दुखणं निघालं की खाडा, हेही त्यात होतं. तुमच्या वहीतली ती पाचशेची नोंद बाईच्या शरीरापर्यंत जाते. मंडळीत स्त्रियांची सभा असते, तिथं हा विषय कधी निघाला असेल असं मला वाटत नाही.

तुम्ही विचारलंत, धंदा सोडू का. तुम्ही विचारताय यावरून सोडावासा वाटतोय हे दिसतं. बाटली सोडली तसा हाही सोडला की मन मोकळं. थांबा. बाटली सोडल्यानं तुमच्या घराचं भलं झालं. तुम्ही टोळी सोडलीत तर बारा कोयते दुसऱ्या मुकादमाच्या वहीत जातील, तुमची बाकी त्यांच्या डोक्यावर ठेवून, आणि तो कदाचित पहाटे शास्त्र वाचणारा नसेल. तुमचे हात स्वच्छ झाले, त्यांच्या पायातल्या बेडीचं काय? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडं जकातदार गेले आणि आम्ही काय करावं असं त्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ठरवून दिलं आहे त्याहून जास्त घेऊ नका. जकातीचे नाके सोडा असं म्हणाला नाही. मत्तय मात्र नाक्यावरून उठून निघून गेला. शास्त्रात दोन्ही आहेत, म्हणून मी उत्तर तिथून उचलून देत नाही. माझं मत असं की आधी हिशेब, निदान एक हंगाम नव्या पद्धतीनं, आणि मग सोडायचं असेल तर सोडा.

नवी पद्धत अवघड नाही, लाजिरवाणी आहे एवढंच. काट्याच्या प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी टोळीच्या व्हॉट्सॲपवर. टोळीत एखादी शिकलेली पोर असतेच, तिच्याकडं दुसरी वही. बाकीवर व्याज नाही. आजारपणाचा, पाळीचा, बाळंतपणाचा खाडा नाही. उचल दोघांना मिळून देताना निम्मी बाईच्या स्वतःच्या बँक खात्यात. आज उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि फेडते दोघांची पाठ. शेतकऱ्याकडून खुशाली, म्हणजे मजुरीवरचे वरकड पैसे, घेत असाल तर ती मजुरांच्या नावानं मागून स्वतः ठेवू नका. निघण्याआधी ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र सगळ्यांना काढून द्या, मुकादम सोबत असला की काम लवकर होतं. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना संत भगवानबाबा वसतिगृह योजनेची चौकशी करून द्या, नाहीतर पोरं पाचटात वाढतात आणि पंधराव्या वर्षी कोयता धरतात.

हे सगळं करण्याआधी वकील गाठा, आणि तो कारखान्याचा नको. वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा 1976 चा आहे. आगाऊ रकमेपोटी माणूस काम सोडून जाऊ शकत नसेल, दुसरीकडं राबू शकत नसेल, तर ती वेठबिगारी ठरू शकते, आणि तसं ठरलं की ते कर्ज फेडायचं बंधनच राहत नाही. 1982 मध्ये एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढं गेलं: किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हेही सक्तीचं काम. पळालेल्याची गाडी आणून ठेवणं तर सरळ गुन्ह्यात बसतं. तुमच्यावर काय येऊ शकतं हे आधी समजून घ्या. तुमच्या पणजोबांना जी वेठ होती तिचं नाव वतन, म्हणजे पिढीजात गावकाम, होतं, हिचं नाव उचल आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं, त्यांच्या शाळांनी आपल्याकडच्या कितीतरी घरांची वेठ तोडली, त्यात तुमचं एक. त्याच घरात आज दुसऱ्यांच्या वेठीची वही आहे, हे तुम्हाला सुचलं असेल म्हणूनच पणजोबा पत्रात आले.

आता एक परदेशी माणूस, कारण त्याची गोष्ट तुमच्या कामाची आहे. जॉन न्यूटन, इंग्लंडचा खलाशी. 1748 मध्ये वादळात जहाज बुडता बुडता वाचलं आणि त्याचं मन देवाकडं वळलं. शिव्या सुटल्या. आणि त्यानंतर तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला! 1750 ते 1754 या काळात आफ्रिकेतून माणसं भरून नेली. रविवारी खलाशांसाठी उपासना घ्यायचा, आणि खाली बेड्यांत माणसं. 1754 मध्ये त्यानं समुद्र सोडला तो आजारपणामुळं. पुढं पाळक झाला, नावाजला. त्या व्यापाराविरुद्ध उघडपणे लिहिलं ते 1788 मध्ये, म्हणजे मन बदलल्यावर चाळीस वर्षांनी. त्याचा बदल खोटा होता असं मला वाटत नाही. त्याच्या काळच्या मंडळीनं दारू, जुगार, शिव्या एवढ्यालाच पाप म्हणायला शिकवलं होतं, धंदा त्यात येत नव्हता. आपल्याकडंही मंडळीत आपला बदल सांगतात त्या साक्षी ऐका: तंबाखू सुटली, पत्ते सुटले, सिनेमा सुटला. वजनकाट्याची साक्ष मी अजून ऐकलेली नाही.

पण उशिरा का होईना, न्यूटननं लिहिलं तेव्हा नुसता गळा काढला नाही. जहाजात माणसं कशी कोंबतात, त्यांच्याशी काय वागतात, खलाशीसुद्धा कसे मरतात, हे आतल्या माणसाला माहीत असलेलं सगळं सांगितलं. नंतर संसदेच्या समितीपुढं साक्ष दिली. बाहेरच्या शंभर सज्जनांना जे सांगता आलं नसतं ते या एका कप्तानाला येत होतं. 1807 मध्ये ब्रिटिश संसदेनं तो व्यापार बंद केला, त्याच वर्षअखेरीस तो वारला.

तुम्हालाही आतलं माहीत आहे. काट्यावर काय होतं, पावती कुठं अडकते, कारखाना मजुराला आपला कामगार का मानत नाही, पाण्याच्या टाकीचे आणि संडासांचे पैसे कागदावर कुठं जिरतात. पैसे परत केल्यावर गप्प बसलात तर फक्त तुमची टोळी सुटेल. तुमच्याच मंडळीत ऊस लावणारे बागायतदार असतील, कारखान्यात क्लार्क असतील, शिक्षक असतील. त्यांच्यापुढं साक्षीला उभे राहाल तेव्हा लिव्हरचं थोडक्यात सांगा, वहीचं सविस्तर सांगा. याकोबाच्या पत्राच्या 5 व्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानापर्यंत जातो असं लिहिलंय. आपल्या भागात ते पत्र साखरेच्या पट्ट्याला उद्देशून लिहिल्यासारखं वाचता येतं, पण त्यावर उपदेश क्वचितच होतो.

बाकीचे मुकादम त्रास देतील, ही वहिनींची भीती खरी आहे. एकटे पडू नका. ऊसतोड कामगारांच्या संघटना आहेत, तुमच्या तालुक्यात जी मजुरांच्या बाजूनं उभी राहते तिच्याशी आधी बोला. आणि दोन-तीन मुकादम तरी असे असतील ज्यांना रात्री झोप लागत नाही. नहेम्याच्या 5 व्या अध्यायात सावकारीविरुद्ध लोकांनी आणि त्यांच्या बायकांनी गाऱ्हाणं घातलं, तेव्हा नहेम्यानं कबूल केलं की मी आणि माझे भाऊही कर्ज देतच होतो, आता हे आपण सोडू. तुम्ही असं बोललात तरच दुसरा मुकादम ऐकेल.

घर बसेल, हे मात्र मला पटत नाही. मूळ रक्कम आणि वरचा पाचवा हिस्सा तुमच्या कमिशनमधून तीन हंगामांत फिटू शकतो. जमीन विकू नका, वहिनींचं सोनं तर अजिबात काढू नका, ते तुमच्या पापाचं तारण नाही. पाळक, वकील, टोळी यांच्याही आधी वही वहिनींना दाखवा. ज्या बाईनं मार खाऊनही तुमच्यासाठी लोक बोलावून प्रार्थना करवली, तिला घरात येणारा पैसा कसा येतो हे कळायचा पहिला हक्क आहे. कोणत्या हंगामात किती द्यायचं हे त्यांना ठरवू द्या. त्या बाळंतिणीचे सात हजार आणि वरचे चौदाशे कुणी नेऊन द्यायचे, हेही त्यांना विचारा.

भिंत राहू द्या, पाडून कुणाचं पोट भरत नाही. दशमांश मात्र परतफेड होईपर्यंत थांबवा आणि का थांबवलाय हे पाळकसाहेबांना स्वतः जाऊन सांगा. ते नाराज होतील. त्यांना गणनाचा 5 वा अध्याय काढून द्या, सातवी आणि आठवी ओवी.